रायफल कोणती हे कशावरून ठरतं? आधी काडतूस बघा

26 जानेवारीच्या संचलनाचा फोटो छापून येतो, खाली ओळ असते ‘मशीनगनधारी जवान’, आणि जवानाच्या हातात असते इन्सास रायफल. बँकेच्या दारातल्या रखवालदाराकडे दुनळी 12 बोअर असते, तिलाही लोक रायफलच म्हणतात. चोपडा-शिरपूरकडे नाकाबंदीत सापडलेला गावठी कट्टा एका बातमीत पिस्तूल असतो, दुसऱ्या बातमीत रिव्हॉल्व्हर. त्यात सैन्याच्या खरेदीच्या बातम्या: एके-203 ही असॉल्ट रायफल, सिग-716 हीसुद्धा असॉल्ट रायफल, कार्बाइन वेगळी, एलएमजी म्हणजे लाइट मशीनगन वेगळी. पहाटे मैदानावर 1600 मीटर मारून संध्याकाळी सामान्यज्ञानाची पुस्तकं उघडणाऱ्या जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलामुलींना ही नावं पाठ करावी लागतात. पाठ केलेलं टिकत नाही, कारण त्यामागची रीत कुणी सांगितलेली नसते.

रीत अवघड नाही. शेतात पंप बसवायचा तर आपण काय विचारतो? किती एचपीचा, सबमर्सिबल की मोनोब्लॉक, विहिरीवर टाकायचा की बोअरमध्ये. पंपाच्या रंगावरून कुणी निवड करत नाही. रायफलीचंही तसंच आहे. आधी विचारायचं, काडतूस कुठलं, म्हणजे ताकद किती. मग विचारायचं, एक गोळी सुटल्यावर दुसरी कोण भरतं आणि चाप दाबून धरला तर काय होतं. सगळ्यात शेवटी, ती कुणाच्या हातात द्यायची आहे, कोणत्या कामाला, आणि त्यासाठी नळी केवढी ठेवली आहे. बहुतेक घोटाळे हा क्रम उलटा केल्यामुळे होतात. लोक आधी आकार बघतात, वाकडं मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, दिसलं की ‘एके-47’ म्हणून मोकळे होतात.

‘रायफल’ म्हणजे नळीतला पीळ

ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. 1825 साली धरणगावला खानदेश भिल्ल कोअर उभी राहिली, त्या काळात जगभरच्या पायदळांचं नेहमीचं हत्यार अशीच गुळगुळीत नळीची मस्केट होती. शिशाची गोल गोळी नळीत थोडी सैल बसायची, आतल्या आत आपटत बाहेर पडायची, आणि शंभर पावलांपलीकडे ती नेमकी कुठे जाईल याचा भरवसा नसायचा.

रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात. स्क्रूच्या आट्यांसारख्याच, पण फार लांब पल्ल्याच्या. गोळी नळीच्या भोकापेक्षा किंचित जाड असते, त्यामुळे ती खाचांत रुतते आणि गरगर फिरत बाहेर पडते. फिरता भोवरा उभा राहतो, फिरणं थांबलं की कलंडतो. लांबट गोळीचंही तेच. फिरली नाही तर ती हवेत कोलांट्या खाते.

ती किती फिरते याचा हिशेब कुणालाही घालता येईल. अमेरिकन एम-16ए2 रायफलीत 178 मिमी नळीमागे एक पूर्ण फेरा आहे आणि गोळी सेकंदाला 900 मीटरहून जास्त वेगाने निघते. भागाकार केला की सेकंदाला पाच हजारांवर फेरे येतात, मिनिटाला तीन लाख. एके-47 च्या नळीत हाच पीळ 240 मिमीला एक फेरा असा आहे. पीळ उगाच ठरवलेला नसतो, तो गोळीच्या लांबीवर बेततात. एम-16 च्या पहिल्या नळ्यांत 305 मिमीला एक फेरा होता. नंतर आलेली लांब, जड गोळी त्या जुन्या नळीतून झाडली की ती सावरत नाही, आणि निशाणाच्या कागदावर गोल भोकाऐवजी गोळी आडवी घुसल्याचं लांबट छिद्र पडतं. एवढ्या एका कारणाने जुन्या रायफलींत नवं काडतूस निरुपयोगी ठरलं.

आता बँकेच्या दारातली 12 बोअर. ती छर्ऱ्यांसाठी केलेली, नळी गुळगुळीत, म्हणून ती रायफल नाही. ‘बोअर’ हा शब्द आपल्या शेतातल्या बोअरचाच, म्हणजे भोक. पण हे 12 मिलिमीटर नव्हेत आणि इंचही नव्हेत. एक पौंड शिशाच्या सारख्या 12 गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास तो 12 बोअर, साधारण 18.5 मिमी. म्हणूनच 16 बोअर ही 12 बोअरपेक्षा बारीक असते. परवान्यावर लिहितात त्या ‘315 बोअर’चा हिशेब मात्र निराळा आहे. तिथे 0.315 इंच, म्हणजे 8 मिमी, असा सरळ व्यास असतो. एकच शब्द आणि दोन मापं, त्यामुळे जाणते लोकही इथे चुकतात.

पोलिसांकडे वर्षानुवर्षं असलेली .410 मस्केट हे आणखी चांगलं उदाहरण. सांगाडा ली-एनफिल्ड रायफलीचा, दिसायला हुबेहूब रायफल, पण नळी गुळगुळीत आणि एका वेळी एकच काडतूस. दिसते रायफल, व्याख्येने मस्केट. गावठी कट्ट्यातही सहसा पीळ नसतो, मॅगझीन नसतं, एक काडतूस घालायचं आणि झाडायचं. त्याला पिस्तूल म्हणणंही जास्तच आहे.

वरणगावात होतं ते काडतूस

भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत 5.56 मिमीची काडतुसं तयार होतात. 2021 पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. रायफली ईशापूर, तिरुचिरापल्ली, कानपूर इथल्या कारखान्यांत होतात, आपल्या मातीत होतं ते काडतूस. आणि रायफलीचा वर्ग ठरवायला तेच सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून त्यावर जरा थांबू.

बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. खरं तर काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी म्हणजे प्रायमर, पोटात दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोकदार पिन टोपीवर आपटते, टोपी पेटते, तिने दारू पेटते, वायूच्या दाबाने गोळी पुढे निघून जाते आणि पुंगळी मागे उरते. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘जिवंत काडतूस’ आणि ‘रिकामी पुंगळी’ हे शब्द येतात ते अगदी बरोबर आहेत.

काडतुसाच्या नावात दोन आकडे असतात. 5.56×45 म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास 5.56 मिमी आणि पुंगळीची लांबी 45 मिमी. लोकांचं लक्ष पहिल्या आकड्याकडे जातं, ताकद मात्र बरीचशी दुसऱ्यात असते, कारण दारू पुंगळीत मावते. ही ताकद ज्यूलमध्ये मोजतात. ज्यूल डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून 50 किलोची गोणी घ्या आणि तेवढ्या ऊर्जेने ती किती वर उचलली जाईल ते बघा. पिस्तुलाचं 9×19 काडतूस सुमारे 500 ज्यूल देतं, गोणी एक मीटर वर, म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकण्याइतकी. 5.56×45 देतं साधारण 1,750 ज्यूल, साडेतीन मीटर. एके-47 चं 7.62×39 देतं 2,000 ज्यूल, चार मीटर. जुन्या .303 चं काडतूस 3,100 ज्यूलच्या आसपास, आणि सैन्यातल्या एसएलआरचं (सेल्फ-लोडिंग रायफल) 7.62×51 सुमारे 3,300 ज्यूल, म्हणजे पावणेसात मीटर, दुमजली घराच्या गच्चीवर.

हे आकडे एका ओळीत मांडले की तीन घोळके आपोआप वेगळे पडतात. खाली पिस्तुली काडतूस, वर पूर्ण ताकदीचं, आणि 1,700 ते 2,000 च्या आसपास मधलं. सैनिकी रायफलींचं सगळं वर्गीकरण या तीन घोळक्यांवर उभं आहे.

मधला घोळका का जन्माला आला? पूर्ण ताकदीची काडतुसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ठरली, तेव्हा पलटणीने दूरवर एकदम गोळीबार करायचा अशी कल्पना होती. .303 रायफलीच्या निशाण्याच्या पट्टीवर 2,000 यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेले असत. प्रत्यक्ष लढाईत साध्या पायदळाचा गोळीबार बहुतेक 300-400 मीटरच्या आतच होतो, हे पहिल्या महायुद्धाने दाखवून दिलं. 400 मीटर म्हणजे धावण्याच्या मैदानाची एक फेरी सरळ ताणली तर होईल तेवढं अंतर. त्याच्या पलीकडे उघड्या डोळ्याने, धापा टाकत असताना, माणूस टिपणं फारच कठीण. मग दुप्पट दारूचं ओझं कशाला वाहायचं? जर्मनांनी आपल्या 7.92×57 काडतुसाची पुंगळी छोटी करून 7.92×33 केलं, त्यासाठी शस्त्र बनवलं, आणि 1944 मध्ये त्याला ‘श्टुर्मगेवेअर’ नाव मिळालं. श्टुर्म म्हणजे हल्ला, गेवेअर म्हणजे रायफल. इंग्रजीतला ‘असॉल्ट रायफल’ हा शब्द याच जर्मन शब्दावरून आला.

पुढची गोळी कोण भरतं?

गोळी सुटल्यावर रायफलीत बरीच कामं उरतात. बोल्ट, म्हणजे काडतुसाच्या मागचं लोखंडी दार, त्याचं कुलूप काढायचं, तो मागे ओढायचा, त्यासरशी रिकामी पुंगळी बाहेर फेकायची, आतली कमान ताणायची, मॅगझीनमधलं पुढचं काडतूस वर घेऊन नळीच्या तोंडात ढकलायचं आणि दार पुन्हा कुलूपबंद करायचं.

हे सगळं हाताने केलं की ती बोल्ट-अ‍ॅक्शन. ली-एनफिल्ड .303 ही त्यातली आपल्याकडची सगळ्यात ओळखीची, मॅगझीनमध्ये 10 काडतुसं. कसलेला जवान तिने मिनिटाला 15 नेमके वार करायचा. 2008 च्या 26 नोव्हेंबरला मुंबईत पोलिसांच्या हातात याच रायफली होत्या आणि समोर एके. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर 26 जानेवारी 2020 ला .303 ला निरोप दिला.

हीच कामं रायफलीने स्वतः केली की ती सेल्फ-लोडिंग किंवा सेमी-ऑटोमॅटिक. नळीला वरच्या बाजूने एक बारीक भोक असतं. गोळी त्याच्या पुढे सरकली की मागचा थोडा वायू त्या भोकातून शिरतो आणि दट्ट्या मागे ढकलतो, पिचकारीच्या दांड्यासारखा. दट्ट्या बोल्टचं कुलूप उघडतो, पुढचं काम स्प्रिंग करते. एक चाप, एक गोळी. सैन्यातली एसएलआर अशीच होती, 7.62×51 ची, 20 काडतुसांच्या मॅगझीनची. चाप दाबून धरल्यावर गोळ्या सुटतच राहिल्या तर ती ऑटोमॅटिक. इन्सासमध्ये मधला मार्ग आहे: एकेक किंवा एका चापाला तीन गोळ्या. ज्या रायफलीवर खटका फिरवून यातला प्रकार निवडता येतो तिला सिलेक्टिव्ह फायर म्हणतात. हा शब्द पुढे लागणार आहे.

काहींच्या मनात येईल की एके मिनिटाला 600 गोळ्या झाडते असं वाचलंय. तो आकडा यंत्राच्या वेगाचा आहे. त्या वेगाने 30 काडतुसांचं मॅगझीन तीन सेकंदांत रिकामं होतं. मॅगझीन बदलणं, नेम धरणं धरून प्रत्यक्षात एकेक झाडताना मिनिटाला 40 च्या आसपास आणि ऑटोवर फार तर 100 गोळ्या होतात. सतत झाडत राहिलं तर नळी इतकी तापते की पुढचा लाकडी भाग धुमसायला लागतो.

एक गोष्ट इथे नीट बघण्यासारखी आहे. पोलिसांकडच्या जुन्या 9 मिमी कार्बाइनमध्ये बोल्टला कुलूपच नसतं. बोल्ट जड असतो, एवढंच. त्याचं वजन हलेपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते आणि दाब उतरलेला असतो. पिस्तुली काडतूस दुबळं, म्हणून हे जमतं. तीच युक्ती 7.62×51 ला लावली तर दाब चढलेला असतानाच पुंगळी मागे सरकेल, तिच्या पातळ भिंतीला आधार राहणार नाही आणि ती फाटेल, गरम वायू झाडणाऱ्याच्या तोंडावर येईल. म्हणजे यंत्र कसं असावं हेही शेवटी काडतूसच सांगतं.

मग असॉल्ट रायफल नेमकी कशाला म्हणायचं?

जाणकारांच्या वापरात चार अटी आहेत. काडतूस मधल्या ताकदीचं, सिलेक्टिव्ह फायर, काढता-घालता येणारं मॅगझीन, आणि निदान 300 मीटरपर्यंत कामाचा पल्ला. चारही हव्यात. एके-47 चारही पुऱ्या करते. इन्सासही करते, कारण तीन गोळ्यांचा फटका सिलेक्टिव्ह फायरमध्येच धरतात. अमेठीजवळ कोरव्याच्या भारत-रशिया संयुक्त कारखान्यात होणारी एके-203 सुद्धा असॉल्ट रायफलच: 7.62×39, 30 काडतुसं, एकेक आणि ऑटो दोन्ही. अशा सहा लाखांहून जास्त रायफलींचा करार डिसेंबर 2021 मध्ये झाला. एसएलआर मात्र असॉल्ट रायफल नाही, पहिल्या दोन्ही अटींत ती बसत नाही.

एसएलआरच्या वर्गाला बॅटल रायफल म्हणतात: पूर्ण ताकदीचं काडतूस, सेमी-ऑटोमॅटिक किंवा सिलेक्टिव्ह फायर. हे नाव मागाहून पडलं, असॉल्ट रायफली आल्यावर जुन्या घराण्याला वेगळं काही म्हणायला हवं म्हणून. आपल्या एसएलआरचं मूळ असलेल्या बेल्जियन एफएएल रायफलीत ऑटोची सोय होती, पण पूर्ण ताकदीच्या काडतुसाचा धक्का खांद्याला असा बसतो की दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला नळी आभाळाकडे जाते. इंग्रजांनी ती सोय काढून टाकली आणि आपणही साध्या एसएलआरमध्ये ती ठेवली नाही.

सिग-716 ला बातम्यांत असॉल्ट रायफल म्हणतात, ते चूक का?

2019 मध्ये सैन्याने अमेरिकेकडून 72,400 सिग-716 रायफली घ्यायचं ठरवलं. काडतूस 7.62×51. म्हणजे पहिल्या अटीलाच ती अडते, काटेकोर बोलायचं तर ती बॅटल रायफल. पण ती असॉल्ट रायफलीच्या जागी, पायदळाच्या जवानाला द्यायची म्हणून घेतली, त्यामुळे खरेदीच्या भाषेत ‘असॉल्ट रायफल’ हे नाव चिकटलं. खरेदीच्या कागदावर बहुधा काम लिहितात, जात नाही. विहिरीवरचा पंप नाल्यावर बसवला म्हणून त्याचा एचपी बदलत नाही, एवढं लक्षात ठेवलं की बातमी वाचताना गोंधळ होत नाही.

यावर रास्त शंका येते: 60-70 वर्षं जग हलक्या काडतुसाकडे गेलं आणि आपण परत जड घेतलं, हे कसं? हलक्या काडतुसाचा मोठा फायदा ओझ्याचा. 5.56×45 चं एक काडतूस सुमारे 12 ग्रॅम, 7.62×51 चं 24. जवानाने 200 काडतुसं घेतली तर एकीकडे 2.4 किलो, दुसरीकडे 4.8. सतत चालणाऱ्या, चढणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा. धक्का कमी, म्हणून नवशिक्याचा नेमही लवकर बसतो. पण डोंगरी सरहद्दीवर एका चौकीवरून समोरच्या उतारावर मारायचं असतं, अंतर 400-500 मीटरच्या पुढे जातं, आणि 4 ग्रॅमची गोळी तिथवर पोचेपर्यंत बरीच मंदावलेली असते. साडेनऊ ग्रॅमची गोळी वेग टिकवून धरते. म्हणून एकाच सैन्यात दोन्ही राहतात. गस्तीच्या, झाडीतल्या, वस्तीतल्या कामाला मधलं काडतूस, लांबच्या कामाला जड.

5.56 मुद्दाम जखमी करण्यासाठी काढली, मारण्यासाठी नाही, ही समजूत मात्र सोडून द्यावी. ती निवडली गेली वजन आणि ताबा यांच्यासाठी. जवळच्या अंतरावर ती वेगाने घुसते, आत उलटते, कधी तुटते, आणि तिची जखम अतिशय वाईट असते. तिला ‘सौम्य’ समजणं धोक्याचं आहे.

कार्बाइन: एका शब्दाचे दोन अर्थ

घोडेस्वाराला लांब रायफल घोड्यावर पेलवत नसे, म्हणून तिची नळी कापून आखूड केलेली, ती कार्बाइन. जगभर आजही हाच अर्थ आहे: त्याच काडतुसाची, पण आखूड नळीची रायफल. एम-16 ची नळी 508 मिमी, तिची कार्बाइन एम-4 हिची 368. आखूडपणाची किंमत मोजावी लागते. दारू पूर्ण जळायच्या आत गोळी बाहेर पडते, वेग सेकंदाला 50-60 मीटरने घटतो, आणि उरलेली दारू तोंडाशी पेटून रात्री जाळ आणि आवाज वाढतो.

आपल्याकडे पोलीस आणि जवान ‘कार्बाइन’ म्हणतात ती बऱ्याचदा 9 मिमीची, ब्रिटिश स्टर्लिंगच्या घडणीची, कानपूरला बनलेली, बाजूला आडवं मॅगझीन लावायची. तिच्यात काडतूस पिस्तुली आणि फायर ऑटोमॅटिक. जगाच्या भाषेत ती सबमशीनगन, रायफलीच्या घराण्यातली नव्हेच. तिचा उपयोग खोलीत, जिन्यात, गाडीत, 100 मीटरच्या आसपास. आता जुन्या 9 मिमीची जागा घ्यायला सैन्य 5.56×45 ची नवी कार्बाइन घेत आहे, आणि ती खऱ्या अर्थाने कार्बाइन. पुण्याच्या एआरडीई या संशोधन संस्थेने आखलेली जेव्हीपीसी ही कार्बाइन या दोन्हींच्या मध्ये बसते. काडतूस 5.56 चंच, पण पुंगळी 45 ऐवजी 30 मिमी. बातमीत नुसतं ‘5.56 मिमी कार्बाइन’ लिहिलं तर दोघींतली कोणती हे कळायला मार्ग नाही. दुसरा आकडा गाळू नये तो यासाठी.

टॅव्हॉरसारख्या रायफलीत मॅगझीन चापाच्या मागे, खांद्याजवळ असतं. त्याला बुलपप म्हणतात. तो मांडणीचा प्रकार आहे, वर्ग नव्हे.

एलएमजी आणि स्नायपर

लाइट मशीनगन ही रायफलीची थोरली बहीण वाटते, पण तिचं काम वेगळं: एका जागी पडून मिनिटामागून मिनिटं मारा चालू ठेवणं, म्हणजे समोरच्याला डोकं वर काढता येणार नाही. त्यासाठी नळी जाड, पुष्कळदा पटकन बदलता येणारी, पुढे दोन पाय, आणि काडतुसं अनेकदा पट्ट्यात. इस्रायलकडून घेतलेली नेगेव्ह एनजी-7 अशीच, 7.62×51 ची. तापलेल्या नळीत काडतूस नुसतं पडून राहिलं तर चाप न दाबता उडू शकतं, म्हणून अशा बहुतेक शस्त्रांत थांबलेल्या अवस्थेत बोल्ट मागे उघडा असतो. रायफलीत तो बंद असतो. रायफल एका जवानाची, मशीनगन तुकडीची, हा फरकही इथे धरतात.

स्नायपर रायफल ठरते ती अचूकतेवर. साधी सैनिकी रायफल 300 मीटरवर चांगल्या हातातही साधारण 30-35 सेंटीमीटरच्या वर्तुळात गोळ्या टाकते. माणसाच्या छातीसाठी ते पुरतं, फटीतून दिसणाऱ्या डोक्यासाठी पुरत नाही. सैन्यातली ड्रॅगुनोव्ह 1963 सालची सोव्हिएत, 7.62×54 आर काडतुसाची, सेमी-ऑटोमॅटिक, दुर्बिणीची. तिला स्नायपर म्हणतात खरं, पण ती आखली गेली तुकडीबरोबर चालणाऱ्या, 600-800 मीटरपर्यंत मारणाऱ्या नेमबाजासाठी. इंग्रजीत अशा माणसाला मार्क्समन म्हणतात. एकट्या-दुकट्याने दडून हजार मीटरच्या पुढचं लक्ष्य घेणाऱ्या खऱ्या स्नायपरसाठी .338 लापुआ मॅग्नमच्या साको टीआरजी-42 सारखी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल लागते. बोल्ट-अ‍ॅक्शन जुनी म्हणून मागे पडली असं नाही. गोळी सुटताना तिच्यात काहीच हलत नाही, म्हणून नेमाच्या कामात ती टिकून आहे. तिरुचिरापल्लीची ‘विध्वंसक’ ही रायफल तर 12.7, 14.5 आणि 20 मिमीची: गाड्या, रडार, बंकर यांच्यावर मारायची.

एकाच आकड्याचा फास

‘7.62 ची रायफल’ एवढंच ऐकून काहीच कळत नाही. 7.62×39 एकेचं, 7.62×51 एसएलआर आणि सिगचं, 7.62×54 आर ड्रॅगुनोव्हचं. शेवटच्या ‘आर’चा अर्थ पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड. ही तिन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, शिरतच नाही, आणि आखूड काडतूस मोठ्या चेंबरमध्ये सैल बसलं तर पिन टोपीपर्यंत नीट पोचत नाही, किंवा पोचली तर पुंगळीला भिंतीचा आधार मिळत नाही आणि ती फुगून फुटते. चौकीवर चुकीची पेटी पोचली तर तिथल्या रायफली काठ्या होतात.

आणखी एक बारकावा. 5.56 च्या गोळीला व्हर्नियर लावला तर 5.70 मिमी भरते. 7.62×51 ची गोळी भरते 7.82. माप चुकलेलं नाही. नावातला आकडा नळीच्या दोन समोरासमोरच्या कडांमधला आहे, आणि गोळीने खाचांच्या तळापर्यंत भरून निघायचं असतं. तेवढी जाडी नसती तर पीळ बसलाच नसता.

कायदा कशाकडे बघतो?

1959 च्या शस्त्र कायद्याला असॉल्ट किंवा बॅटल या नावांशी देणंघेणं नाही. चाप दाबून धरल्यावर तो सोडेपर्यंत किंवा मॅगझीन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात का, हे तो बघतो. तसं असेल तर ते निषिद्ध शस्त्र. शिवाय सैन्याचं .303 किंवा 7.62 काडतूस ज्यात चालेल अशी रायफल साध्या परवान्यावर मिळत नाही. शेतकऱ्याच्या, रखवालदाराच्या परवान्यावर 315 बोअर दिसते ती यामुळेच: तिच्यात सैन्याचं काडतूस बसू नये असंच माप ठरवलेलं आहे. म्हणजे कायदासुद्धा काडतुसाचा प्रश्न विचारतोच.

अमेरिकेतल्या बातम्यांतला ‘असॉल्ट वेपन’ हा शब्द या सगळ्यापासून दूर ठेवा. 1994 ते 2004 तिथे एक केंद्रीय बंदी होती. तिची व्याख्या पिस्तुलासारखी मूठ, घडी होणारा दस्ता, संगीन लावायची सोय अशा बाहेरच्या खुणांवर होती, आणि त्यातली शस्त्रं सेमी-ऑटोमॅटिक होती. मराठीत भाषांतर करताना त्याचं ‘असॉल्ट रायफल’ होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं दुकानात एके-47 मिळते. एआर-15 मधलं ‘एआर’सुद्धा असॉल्ट रायफलचं नव्हे, ते आर्मालाइट या कंपनीच्या नावावरून आलं.

पुंगळीच्या बुडावरची अक्षरं

पितळी पुंगळीचं बूड उजेडात धरलं की टोपीभोवती ठोकलेली बारीक अक्षरं दिसतात: कारखान्याची खूण, वर्ष, पुष्कळदा काडतुसाचं मापही. ‘ओएफव्ही’ अशी रोमन अक्षरं असली तर ती वरणगावची. ‘केएफ’ म्हणजे खडकी. बॅलिस्टिक तपासणी करणारे आधी हेच वाचतात, मग टोपीवरचा पिनेचा ठसा आणि बोल्टच्या ओरखड्यांकडे वळतात. त्यावरून एकाच रायफलीतून सुटलेल्या पुंगळ्या जुळवता येतात.

टोपीच्या मधोमध खळगा आणि तोंड रिकामं असेल तर ती नुसती पुंगळी. टोपी सपाट, तोंडाशी गोळी, तर ते जिवंत काडतूस, आणि परवान्याशिवाय ते जवळ ठेवणं हाच गुन्हा. सगळ्यात धोक्याचं ते, ज्याच्या टोपीवर खळगा आहे आणि गोळी अजून जागेवर आहे. पिन आपटली, पण दारू पेटली नाही, म्हणजे मिसफायर. ते हलवण्याने, ठोकण्याने, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवल्याने कधी पेटेल ते सांगता येत नाही. नांगरताना, विहिरीचा गाळ काढताना किंवा भंगारात असं काही निघालं तर हात लावू नये, जागेवर खूण करावी, पोरांना लांब ठेवावं आणि पोलीस ठाण्याला कळवावं.